कड्या नसलेली पेटी

मिस्त्रीला गल्लीत सगळे 'बघतोराव' म्हणायचे. कुणाचं दार अडलं, कुणाचं छत गळलं, की "मी बघतो" म्हणून हा हजर. पण स्वतःच्या कामाला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपायचा नाही. फळीचं दुसरं टोक तो भिंतीला टेकवेल, गुडघ्यावर घेईल, पण कुणाला धरू देणार नाही. प्रार्थनासुद्धा एका दमात उरकायची: "देवा, अंगात ताकद दे, बाकीचं मी बघतो." देवाने तरी काय करावं? बिचारा ताकद देत राहिला.

मग त्याच्या लेकीचं, चिमीचं, छातीचं दुखणं आलं. आडवं झालं की पोरीला श्वास पुरेना. मिस्त्रीने तिच्यासाठी उतरता पलंग केला. त्याचाही उपयोग होईना, तेव्हा तो तिला छातीशी उभी धरून बसू लागला.

"अहो, द्या माझ्याकडे थोडा वेळ," बायको म्हणायची. "आपल्या हातात नाही राहिलं हे. देवावर सोपवा."

"म्हणजे हातपाय गाळून बसू?" तो खेकसायचा.

एकदा चिमीच म्हणाली, "बाबा, तू झोप ना. देव धरेल मला."

"मी आहे ना," तो म्हणाला.

एका सकाळी, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना, त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा पोर छातीशीच होती, आणि गेली होती.

बायकोने दोषाचा एक शब्द काढला नाही. तेच त्याला सोसवेना. तो आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात जाऊन तिची शवपेटी करत बसला. आजवर कितीतरी लोकांच्या पेट्या त्याने केल्या होत्या, पण इतकी छोटी कधी नाही. रंधा फिरवताना त्याला धड दिसत नव्हतं.

बायकोने पेटीवरून हात फिरवला. "हिला धरायच्या कड्या कुठायत?"

"कशाला हव्यात? मीच नेणार तिला."

आणि नेलीही. चर्चपासून दफनभूमीपर्यंतचा चढ त्याने पेटी कवटाळून पार केला. पुढे झालेल्या प्रत्येकाला त्याने मानेनेच नाही म्हटलं. पण खड्ड्याच्या काठाशी तो थांबला. पेट्या तो करायचा, खाली सोडायचे दुसरेच. दोर कड्यांतून ओवतात. इथे ओवायला काहीच नव्हतं.

"मिस्त्री," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "दोर खालून घ्यावे लागतील. पेटी आमच्याकडे द्या. हे एकट्याचं काम नाही."

त्याची मिठी सुटेना. बायको त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"मला झोप लागली गं," तो म्हणाला. एवढ्या माणसांत तो हुंदके देऊन रडला. "मी धरलं होतं तिला, आणि मला झोप लागली."

"माहीत आहे मला," बायको म्हणाली. "तुम्ही झोपलात तेव्हा ती एकटी नव्हती. द्या आता."

चारी बाजूंनी हात पेटीखाली आले. त्याने आपले काढून घेतले.

दोर सैल होत गेले. पेटी जराशी कलली, मग सरळ झाली. आज त्याने ताकद मागितली नाही. "देवा, माझ्याच्याने नाही होत," तो पुटपुटला. "तू धर तिला."

माती पडू लागली तरी त्याचे हात पेटी धरल्यासारखे पुढेच होते. शेवटी बायकोने ते खाली घेतले.