नेसवलेली चित्रं

एकोणीसशे त्र्याहत्तर साली लग्न होऊन मी साताऱ्याहून सांगलीला आले, तेव्हा सामानात एक पत्र्याची ट्रंक होती. सासरच्यांना वाटलं, भांडी असतील. आत जुनी चित्रांची पुस्तकं होती.

साताऱ्यात ड्रॉइंगच्या परीक्षा देताना हा नाद लागला. रद्दीच्या दुकानात मी तासन् तास गठ्ठे उपसत बसे. दातांच्या डॉक्टरांसाठी छापलेलं जबड्यांच्या चित्रांचं पुस्तक, पक्ष्यांच्या अंड्यांचं, पुलांचं. कुणा साहेबाच्या पोरानं खडूनं गिरगटलेलं पऱ्यांचं. कुणालाच नको असलेलं पुस्तक मला हवं असायचं. जुन्या पुस्तकांत रंगीत चित्रावर पातळ कागद असतो. तो उचलायच्या आधी मी जरा थांबायची. त्या थांबण्यातलं सुख मला पुढं कशातच मिळालं नाही.

माझे यजमान श्रेणिक हळदीच्या पेढीवर असत. माधवनगरचा रद्दीवाला सिद्धू माझ्यासाठी पुस्तकं बाजूला ठेवायचा. "वयनी, ह्ये बगा. पुठ्ठा गेलाय, पर आतली चित्रं लय झ्याक हायत."

पंचाहत्तरच्या दिवाळीनंतर त्यानं दिलेलं पुस्तक मात्र वेगळंच निघालं. कुठल्याशा परदेशी संग्रहालयातली तैलचित्रं. नदीत अंघोळ करणाऱ्या, आरशापुढं बसलेल्या, झोपलेल्या बायका. अंगावर कपडा नाही. महिनाभर मी त्यांच्या पाठी आणि खांदे पेन्सिलीनं उतरवत होते. अंगावर उजेड कसा पडतो, ते पहिल्यांदा कळू लागलं होतं.

आमचं घर जैन, सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. त्यांच्या हाती ते पुस्तक लागलं, त्याच आठवड्यात माझ्या नणंदेला बघायला तासगावचे द्राक्षबागाईतदार येणार होते.

"पाहुण्यांनी हे बघितलं तर पोरगी घरात राहील," अव्वा म्हणाल्या. "बंबात घाल ती ट्रंक. सगळीच्या सगळी."

"अव्वा, बस्तीत आपण रोज ज्या मूर्तीपुढं हात जोडतो, तिच्या अंगावर तरी कुठं..."

"जीभ आवर! ते वैराग्य आहे. ही भवानी आरशात बघून वेणी घालतीय!"

त्यांचं अगदीच चूक नव्हतं.

तोड श्रेणिकांनी काढली. "जाळायचं कशाला, अव्वा? हिच्याकडे रंग आहेत. नेसवेल की सगळ्यांना." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ट्रंक वाचली ना? झालं तर!"

ट्रंक वाचावी म्हणून मी कबूल झाले. गुळगुळीत कागदावर रंग बसेना, थेंब गोळा होऊन घसरायचे. ब्रश साबणाच्या वडीवर घासून रंगात बुडवला, तेव्हा कुठं धरला. पहिली दोन लुगडी मी रागानं फासली. तिसरं चांगलं झालं. हात ऐकेनाच. गुडघ्यावर कापड कसं ताणतं, कमरेशी चुण्या कशा मोडतात, ते मी नीट काढत गेले. काहींना इरकली काठ, काहींना खणाच्या चोळ्या. शेवटच्या बाईला नेसवताना तर मी गुणगुणत होते. याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पाहुणे आले. श्रेणिकांनी आपणहून पुस्तक पुढं केलं.

"आवं, ही मडम बगा! लुगडं मातुर आपल्या बाजारातलं!" मुलाची आत्या चंद्राबाई ओरडली. "डोईवर पदर तेवढा घ्यायचा ऱ्हायला की!"

सगळे हसले. अव्वाही हसल्या. "आमची सून आर्टिस्ट आहे," असं त्या पहिल्यांदाच कुणापुढं म्हणाल्या. सोयरीक जमली. माझी पेन्सिलीची चित्रं बघायला कुणी मागितली नाहीत.

पुढच्या महिन्यात श्रेणिक स्वतः माधवनगरला जाऊन एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. "तासगावकर विचारत होते, आणखी आहेत का म्हणून," ते म्हणाले. एवढ्या हौसेनं त्यांनी माझ्यासाठी त्याआधी काहीच आणलं नव्हतं.

मी पुस्तक उघडलं. खिडकीशी पाठमोरी बसलेली एक म्हातारी. उघडी, सुरकुतलेली पाठ आणि तिच्यावर सकाळचं ऊन. इतकं चांगलं चित्र माझ्या हाती कधी आलं नव्हतं.

"रंग संपलेत," मी म्हणाले.

"त्यात काय! उद्या आणतो."

आणले त्यांनी, नव्या ब्रशासकट. म्हातारीला कुठलं लुगडं शोभेल, यावर मायलेकांचं जेवताना बोलणं झालं. हिरवं ठरलं.