एकशे ऐंशीच्या वर

१६०

"देवचंदभाऊ, मायनं मशीन परत टींटीं करी ऱ्हायनं! उलसा लाइट वाढाई द्या ना!"

"मनाजोडे काय नळ शे का रे झुलाल, फिरावाले? काटा कितला दखाडस?"

"एकशे साठ व्होल्ट."

देवचंदनं वीज उपकेंद्रातल्या पॅनलकडे पाहिलं. ट्रान्सफॉर्मर शेवटच्या पायरीवर होता, त्यापुढे वाढवायला काही नव्हतं. उपकेंद्रातला कपॅसिटर दिवाळीपासून जळून पडलेला. झुलालचा मळा सोनगीरच्या पलीकडे, लायनीच्या अगदी शेपटाला. तिथे त्याची माय सुगंधाबाई खाटेवर, नाकात ऑक्सिजनची नळी. एकशे ऐंशीच्या खाली मशीन हवा देत नाही.

"सिलिंडर?"

"काल सरनं. गाडी धुळ्याहून निघेल शे. पाऊण तास म्हणतस."

१५८

सगळे पंप थांबवायला लायन बंद करावी? तर मशीनही बंद. आणि चालू करताच शिवारातले सगळे ऑटो स्विच एकदम पंप उठवणार.

मोटारीला दोन तऱ्हेची वीज लागते. एक पाणी उपसते. दुसरी मोटारीतलं चुंबक जागं ठेवते; ती काम करत नाही, नुसती तारेतून येरझाऱ्या घालते, पण तार अडवते आणि शेवटच्या घरापर्यंत दाब पोचू देत नाही. ती विहिरीवरच पुरवायची सोय म्हणजे कपॅसिटर, वीतभर डबा. तीन वर्षांपूर्वी देवचंदनं विहिरी विहिरी फिरून ते बसवून घेतले होते. वर्षभरात सगळे निघाले. काढायला लावणारा झुलालच: डब्यानं काय पाणी चढतं?

"तुना पंप बंद कर."

"पहिलेच करी टाका. काटा हालना नई."

"मग बठ्ठासले सांग पंप बंद कराले, ग्रुपवर. आवाजात सांग."

मागे मशीनची टींटीं.

"भाऊ, डबा काढाले मीच सांगेल शे. आते कोणता तोंडे सांगू?"

"याच तोंडे. माय तुनी शे."

ही तीच सुगंधाबाई. देवचंद लाइनमन असताना, भर उन्हात खांबावरून उतरल्यावर, या शिवारात त्याला पाणी वरून ओंजळीत मिळायचं. पेला हातात देणारं पहिलं दार तिचं.

१६३

शेजारच्या मळ्यातल्या रुपचंदचा पंप थांबला. आधी ग्रुपवर टोमणा आला: "अक्कल उनी का रे झुलाल?" मग पंप थांबला.

झुलाल काटा वाचत राहिला. एकशे अडुसष्ट. एकशे बहात्तर. देवचंद फोन कानाला लावून उभा. खुर्ची मागे होती, बसायचं सुचलं नाही. समोरच्या मीटरवर लायनीचा भार पायरी पायरीनं उतरत होता. म्हणजे कोणीतरी गव्हाचं पाणी अर्ध्यात सोडून, चिखल तुडवत स्टार्टरकडे जात होतं. मग आणखी कोणीतरी.

"एकशे शहात्तर. भाऊ, मायना व्हट काळा दिसी ऱ्हायनात."

"काटा सांग."

"एकोणऐंशी."

"काटा."

१८६

टींटीं थांबली.

देवचंदनं फोन कानाशी दाबला. फोनमधून मशीनची घरघर आली, एकसारखी, आणि तिच्या आडून एक म्हातारा खोकला.

तेव्हा तो बसला.

२०६

चार वाजता ड्यूटी संपायच्या सुमारास पुन्हा फोन. गाडी येऊन गेली होती, नवा सिलिंडर खाटेशेजारी होता. झुलालच्या गोठ्यात पोत्यात भरून ठेवलेले डबे गावच्या वायरमननं स्टार्टरांना जोडले, ऑटो स्विच काढले. रुपचंदनं एकेक पंप नंबरानं चालू करवला. सगळे चालू असून काटा दोनशे सहावर.

"माय बोलस," झुलाल म्हणाला.

"देवचंद," आवाज बारीक, दोन शब्दांत दम घेणारा, "च्या... पेवाले ये."

"उनू अक्का."

त्यानं लॉगशीट ओढली. चारचं वाचन लिहिलं, सही केली. शेऱ्याच्या रकान्यात पेन क्षणभर थांबलं. मग नेहमीच्या अक्षरात त्यानं लिहिलं: निरंक. आणि जेवणाचा डबा उचलून सोनगीरच्या रस्त्याला लागला.