वळणाखालची टाकी

नवरा-बायकोचा अबोला घरात असला तर फार तर चहा थंड होतो. तोच अबोला कामावर नेला तर काय होतं, हे त्या दिवशी त्या चढावर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

फाटकापासून घरापर्यंत जाणारा तो खासगी रस्ता म्हणजे नुसता चढ. घर जुनं, टेकडीला टेकून बांधलेलं. रस्त्याच्या एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला उतरती बाग आणि मध्यावर एक आडमुठं वळण. डांबर जागोजागी उखडलं होतं, आणि वळणावरची गोल भेग तर दर वर्षी बुजवूनही परत डोकं वर काढायची. खड्डे भरून घ्यायचे, वरून गरम डांबराचा नवा थर द्यायचा आणि तो रोलरनं दाबायचा, असं काम ठरलं होतं.

काम घेतलं होतं एकाच घरातल्या तिघांनी. नवरा रोलर चालवायचा. बायको दाताळ्यानं गरम डांबर ओढून सारखं करायची. धाकटा दीर उरलेलं सगळं बघायचा, म्हणजे ट्रक आणायचा, मजूर हाकायचा आणि बोलायचा. बोलण्यात त्याचा हात धरणारा अजून जन्माला यायचा होता.

भांडणाचं कारण ऐकाल तर हसाल. नणंदेकडे सगळे जेवायला जमले होते, तेव्हा नवरा चेष्टेत म्हणाला, "हिच्या दाताळ्याखालून गेलेल्या रस्त्यावर हमखास पाणी साचतं." सगळे हसले. ती हसली नाही. कुठल्या उतारावर पाणी कुठून वाहणार, हे तिला नुसत्या नजरेनं कळायचं. त्या एका गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि नवऱ्यानं नेमका तोच चारचौघांत मातीत घातला. त्याला वाटलं, सकाळपर्यंत निवळेल. सकाळी तिनं चहाचा कप त्याच्या हातात न देता टेबलावर आपटला, तेव्हा त्यानंही तोंडाला कुलूप घातलं. त्याला आता आठवडा होत आला होता.

मधल्या मध्ये धाकट्याचा टपालवाला झाला. "भाऊजी, तुमच्या भावाला सांगा, बूट दाराबाहेर काढत जा म्हणावं." "सांग तुझ्या वहिनीला, दार माझंही आहे." पहिले एक-दोन दिवस त्यानं निरोप इमानेइतबारे पोचवले. मग त्याच्या लक्षात आलं की निरोप पोचला नाही तरी कुणाचं काही अडत नाही, उलट घर जरा शांत राहतं. तेव्हापासून तो मान डोलवायचा, "सांगतो" म्हणायचा आणि निरोप गिळून मोकळा व्हायचा. हे त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी ती वळणाच्या खालच्या अंगाला, बागेतल्या नळावर रोलरसाठी पाण्याचे कॅन भरत होती. रोलरची चाकं ओली ठेवावी लागतात, नाहीतर गरम डांबर त्यांना चिकटून थर सोलून काढतं. घरातल्या आजी काठी टेकत बागेच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

"वळणावर जरा जपून हं," आजी म्हणाल्या. "तिथं खाली पाण्याची टाकी आहे. माझ्या सासऱ्यांनी बांधलेली, नळ यायच्या आधीची. वरून फरशा टाकून झाकली."

"खोल आहे?"

"उभा माणूस बुडेल एवढी. आमची मोटार रोज जाते वरून, काही होत नाही. पण तुमचं ते यंत्र जड दिसतंय, म्हणून म्हटलं."

रोलर म्हणजे दोन-तीन मोटारींचं वजन, आणि त्यातून त्याचं पुढचं चाक हादरे देत चालणारं. दर वर्षी तीच भेग तिथंच का येते, हेही तिला तेव्हाच कळलं. कॅन तिथंच ठेवून ती वळली. नवरा हाकेच्या अंतरावर रोलरचं ऑइल बघत होता. ती दोन पावलं त्याच्याकडे गेली. त्यानं तिला येताना पाहिलं, आणि पाठ करून इंजिनात डोकं घातलं.

मरू दे, असं ती मनातल्या मनात म्हणाली. रागात माणूस म्हणतं असं, त्याला काही अर्थ नसतो.

ती धाकट्याकडे गेली. "भाऊजी, तुमच्या भावाला सांगा, वळणावर खाली टाकी आहे. तिथं रोलर नको. तेवढं आपण धुमसानं, हातानं ठोकून घेऊ." नेमका तेव्हाच फाटकाशी ट्रकचा हॉर्न वाजला. "सांगतो, सांगतो," म्हणत धाकटा खाली पळाला. त्याच्या कानावर "तुमच्या भावाला सांगा" एवढंच पडलं होतं, आणि पुढचं त्याला ऐकायचंही नव्हतं. हिला मात्र वाटलं, आपण सांगितलं, आपलं काम संपलं.

मग कुणाला श्वास घ्यायला सवड नव्हती. गरम डांबर कुणासाठी थांबत नाही. ते निवायच्या आत पसरलं आणि दाबलं नाही तर दगड होऊन बसतं. ट्रक चढावर येईना, म्हणून मजूर ढकलगाड्यांनी माल वर आणत होते आणि ती वाफेत उभी राहून दाताळं ओढत होती. वळण पसरून ती घराच्या बाजूला वर गेली. खालून नवऱ्यानं पहिली फेरी सुरू केली. भिंतीच्या कडेकडेनं, हादरे न देता तो वर आला आणि तसाच मागे खाली गेला. तिनं बघितलं आणि मनात म्हणाली, बरोबर, कड दाबून घेतोय, वळणाचं पोट सोडणार.

दुसरी फेरी त्यानं मधोमध घेतली. रोलरचा आवाज बदलला. हादरे सुरू झाले होते.

धाकटा ढकलगाडी घेऊन वर आला होता. तिनं दाताळं थांबवलं. "भाऊजी, टाकीचं सांगितलंत ना?"

"कसली टाकी?"

तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरत गेला. "वहिनी, मला वाटलं, तुमचं नेहमीचंच..."

पुढचं ऐकायला ती तिथं नव्हती. दाताळं हातात घेऊन ती उतारावरून खाली धावली, ताज्या, न दाबलेल्या थरावरूनच. त्यावर कधी पाय द्यायचा नसतो, हे तिनंच प्रत्येक नव्या मजुराला बजावलेलं. बूट रुतत होते आणि तळव्यांतून चटका वर चढत होता. "थांबा! अहो!" ती ओरडली. पण त्याच्या कानांवर झाकणं होती आणि खाली इंजिनाची घरघर. तिनं दोन्ही हात वर करून हलवले.

त्यानं वर पाहिलं. तिला पाहिलं. आणि तोंड फिरवलं.

त्या क्षणी तिला जे वाटलं ते सांगून कळणार नाही. त्याचा राग नाही आला. आठवडाभर तिनं स्वतः हेच केलं होतं, आणि ते तो तिच्याकडूनच शिकला होता. रोलरचं पुढचं चाक वळणाच्या पोटावर आलं होतं. तिनं हातातलं दाताळं होतं नव्हतं ते बळ लावून चाकापुढे फेकलं.

रोलर थांबला. नवऱ्यानं चिडून मान वर केली. गरम थरावर रोलर थांबवला की खळगा पडतो, हे तिला कळत नाही का, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. तिनं तळहात खाली दाबून दाखवला. हादरे बंद करायची त्यांची ती खूण होती, आणि अबोल्यातही खुणा चालायच्या. त्यानं बटण दाबलं.

आवाज कमी झाला आणि खालून एक कट् असा आवाज आला. मोठा नव्हता, पण त्याला तो पायात जाणवला. पुढच्या चाकाभोवतीचं डांबर बशीसारखं खाली बसलं. रोलर पुढे झुकला.

तो आसनावरून अर्धा उठला. बाजूला उडी टाकायची त्याची तयारी तिला दिसली. उडी टाकली असती तर तो त्या बशीत पडला असता, आणि बशी फुटली असती तर गरम डांबरासकट तळाला. शिवाय सोडलेला रोलर उतारावरून कुणाच्या अंगावर जाईल, सांगता येत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती.

"अहो," ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती.

त्यानं एका कानावरचं झाकण खाली ओढलं.

"उतरू नका. खाली पाण्याची टाकी आहे. पुढच्या चाकाखाली."

"काय?"

"टाकी. खोल आहे. बसा खाली. मागे घ्या, हळू. मी सांगते तसं." मग तिनं मान वळवून धाकट्याला सांगितलं, "बागेतून खाली जा. फाटकापर्यंत एकही माणूस ठेवू नका." धाकटा जन्मात पहिल्यांदा एक शब्द न बोलता धावला.

नवरा बसला. "मागे कोण आहे?"

"आता कुणी नाही. मी बघतेय."

"भिंत?"

"लांब आहे. सरळ या. या. येऊ द्या."

चाक बशीच्या काठाला लागलं आणि जागच्या जागी गरकन फिरलं. काठ ढासळला. खालून दुसरी फरशी कण्हल्यासारखी वाजली. त्याचा हात दांड्यावर थबकला.

"थांबू नका," ती म्हणाली. "माझ्याकडे बघा. खाली नका बघू. या."

तो तिच्याकडे बघत राहिला. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांची नजर इतका वेळ एकमेकांवर होती. चाकानं काठ धरला, एकदा घसरलं, पुन्हा धरला आणि वर आलं. रोलर हळूहळू मागे सरकला, एक हात, दोन हात, मग पूर्ण घट्ट जमिनीवर. त्यानं इंजिन बंद केलं.

त्यानंतर बशी गेली. डांबर, फरशा आणि तिचं दाताळं एकदमच खाली गेलं. खोलवर पाणी चरचरलं आणि भोकातून पांढरी वाफ वर आली.

रोलरवरचा पाण्याचा कॅन घेऊन तो भिंतीच्या कडेनं चालत तिच्यापर्यंत आला. त्यानं तिला उचललं आणि भिंतीवर बसवलं. तिच्या बुटांचे तळ वितळून खडी चिकटली होती. त्यानं सगळ्यांसमोर खाली बसून नाड्या सोडल्या, बूट ओढून काढले आणि कॅनमधलं पाणी तिच्या लाल झालेल्या पायांवर ओतायला लागला.

"तुला माहीत होतं?" त्यानं पायांकडे बघतच विचारलं.

"सकाळपासून. तुम्हाला सांगायला येत होते. तुम्ही पाठ केलीत."

पाणी पडत राहिलं. "पहिल्या फेरीला आवाज पोकळ आला होता," तो म्हणाला. "तू आजींशी बोलताना मी पाहिलं होतं. धाकट्याला म्हटलं, वहिनीला विचारून ये, वळणाखाली काय आहे. निरोप आला नाही, तेव्हा वाटलं, काही नसेल."

"मला कुणी काही विचारलं नाही."

दोघांनी धाकट्याकडे पाहिलं. तो रिकामी ढकलगाडी धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कुणी त्याला बोललं नाही. बोलायचा अधिकार दोघांनाही नव्हता.

"मी सकाळी मनात म्हटलं होतं, मरू दे," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

त्यानं कॅन खाली ठेवला. "पुन्हा मनात नको म्हणूस," तो म्हणाला. "तोंडावर म्हण."

खाली फाटकाशी ट्रक उभाच होता आणि त्यातला माल निवत चालला होता. तिनं ओढणीनं नाक पुसलं. "आधी तो ट्रक परत जायला हवा. उरलेलं डांबर आज कुठंच पडणार नाही."

"सांगतो दादाला," धाकटा सवयीनं म्हणाला.

"तुम्ही नका सांगू, भाऊजी," ती म्हणाली. "मी सांगते त्यांना."