तीन तासांचा फोटो

मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही. नीलांबरी, म्हणजे माझी बायको, सगळ्यांना सांगते की लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही मी पाय हलवत होतो. अशा माणसाने पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लावून घेणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. पक्ष्याला घाई चालत नाही आणि मला घाईशिवाय दुसरं काही जमत नाही.

तिथल्या मोठ्या भूकंपानंतर, २०१२ साली, आम्ही पुण्याहून न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला आलो. भूकंपात न पडता उभ्या राहिलेल्या इमारती तपासायच्या, त्या वापरण्याजोग्या आहेत की नाहीत ते लिहायचं आणि खाली सही करायची, हे माझं काम. रंगाने लपवलेली भेग मला लांबूनच दिसते. मालक गोड बोलतात, कधी आवाज चढवतात, पण मी भेगेला भेगच म्हणतो. याचा मला गर्व आहे आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवतो. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण मलाच लागू पडेल हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

२०१८ च्या जानेवारीत आम्ही केनियाला गेलो. मी, नीलांबरी आणि बारा वर्षांची जुई. जुई सहाव्या वर्षी इथे आली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. सफारीत त्या दोघी सिंह, हत्ती, जिराफ बघून खूश होत्या. मी तोफेएवढी लेन्स घेऊन पक्ष्यांच्या मागे. चार दिवस एकही धड फोटो मिळाला नाही. खंड्या पाठ करून बसला, बगळ्यासमोर फांदी आली, आणि एका पक्ष्याने पंख पसरले तेव्हा मी बॅटरी बदलत होतो. माझी चिडचिड इतकी वाढली की नीलांबरीने माझ्याशी बोलणंच सोडलं.

पाचव्या दिवशी नैवाशा तलावात बोटीतून गेलो. नावाडी ओटिएनो, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. काठावरच्या झाडावर मत्स्यगरुड बसला होता, पांढरंशुभ्र डोकं, तांबूस अंग. ओटिएनोने पिशवीतून एक मेलेला मासा काढला, तो बुडू नये म्हणून त्याच्या तोंडात लव्हाळ्याचा तुकडा खुपसला, आणि मला कॅमेरा तयार ठेवायला सांगितलं. मग त्याने शीळ घातली आणि मासा पाण्यात फेकला. गरुड सरळ आला, पाण्याला पाय लावला आणि मासा उचलून गेला. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत. शेजारच्या बोटीतल्या जर्मन जोडप्यालाही तोच फोटो मिळाला.

घरी आल्यावर फोटो मोठा करून पाहिला. उडालेलं पाणी, गरुडाचा पिवळा डोळा, सगळं लख्ख स्पष्ट. माशाच्या तोंडातला लव्हाळ्याचा तुकडाही तितकाच स्पष्ट होता. तो मी कॉम्प्युटरवर पुसला. एका मिनिटाचं काम होतं.

आणि मग मी बोलायला लागलो. पुण्याच्या मित्रांना सांगितलं की बराच वेळ वाट पाहिली. रिकार्टन भागातल्या दुकानात भेंडी निवडताना ओळखीच्या माणसाला तासभर म्हणालो. जेवायला आलेल्या पाहुण्यांना तीन तास. तीन तास टिकले, कारण ऐकणाऱ्यांचे चेहरे त्याच आकड्याला खुलायचे. नीलांबरी तेवढ्यात उठून स्वयंपाकघरात जायची. जुई टेबलाशीच बसून ऐकायची.

आमच्या कॅमेरा क्लबचे अध्यक्ष ग्रॅहम यांनी फोटो पाहिला आणि वार्षिक स्पर्धेत देच म्हणाले. अर्जावर एक चौकट होती: पक्ष्याला आमिष दाखवलेलं नाही, फोटोत काही पुसलेलं वा घातलेलं नाही. मी खूण केली आणि सही केली. मी, चंद्रशेखर, ज्याची सही हलत नाही.

तिथून पुढचे सहा आठवडे मला चैन पडलं नाही. आपल्याला कुणीतरी एक प्रश्न विचारणार आणि आपलं नाव मातीत जाणार, एवढंच डोक्यात. ऑफिसात माझा गुडघा टेबलाला आपटायचा. धुतलेली गाडी पुन्हा धुतली. एका शनिवारी स्क्रू आणायला म्हणून हॉर्नबीच्या दुकानात गेलो, तिथे तीन चकरा मारल्या आणि हात हलवत परत आलो. अर्ज मागे घ्यावा म्हणून ग्रॅहमना दोनदा फोन लावला आणि रिंग वाजायच्या आत बंद केला. नीलांबरी एकदाच म्हणाली की चोराच्या मनात चांदणं असतं, आणि परत भाजी चिरायला लागली.

ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी क्लबच्या हॉलमध्ये बक्षीस समारंभ होता. नीलांबरीची हॉस्पिटलात ड्युटी होती, म्हणून माझ्याबरोबर जुई आली. माझा फोटो पहिला आला. पडद्यावर गरुड भिंतभर पसरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ग्रॅहमनी मला फोटोमागची गोष्ट सांगायला सांगितलं. मी सांगितली. तीन तासांसकट. जीभ सरावाने चालत होती.

मग दुसऱ्या रांगेतल्या मार्गरेट बाईंनी हात वर केला. सत्तरी ओलांडलेल्या, मऊ आवाजाच्या. त्या म्हणाल्या, मीही नैवाशाला जाऊन आले आहे, तिथले नावाडी शीळ घालून मासा टाकतात, तुमच्या नावाड्यानेही टाकला होता का? आवाजात जरासुद्धा खोच नव्हती. त्यामुळेच खोटं बोलायला धीर होईना. मी पडद्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं.

"नो," पहिल्या रांगेतून जुई म्हणाली. "वी जस्ट वेटेड. थ्री अवर्स. आय वॉज सो बोअर्ड."

सगळे हसले. मार्गरेट बाईही हसल्या आणि खाली बसल्या. ग्रॅहमनी माझ्या हातात प्रमाणपत्र दिलं. माझी सुटका झाली होती, आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं.

गाडीत जुई खिडकीबाहेर बघत होती. सिग्नलला थांबलो तेव्हा मी विचारलं, "तू असं का सांगितलंस?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "तू सगळ्यांना तेच सांगतोस ना, बाबा? मग मी पण तेच सांगितलं."

ती रागात नव्हती. उलट, मदत केल्यासारखा तिचा चेहरा होता. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला. मला रडू फुटायचंच बाकी होतं. सहा आठवडे मी माझ्या नावाची काळजी वाहत होतो, आणि ही पोर सगळा वेळ टेबलाशी बसून ऐकत होती.

पुढच्या वळणावर मी गाडी फिरवली. कुठे चाललोय हे तिला लगेच कळलं. ती म्हणाली की आता सांगितलंस तर सगळ्यांना कळेल की मी पण खोटं बोलले. मी म्हणालो की तू गाडीतच बस, तुझ्यावर काही येणार नाही, ते मी बघतो.

हॉलमध्ये ग्रॅहम खुर्च्या एकात एक घालून रचत होते. मार्गरेट बाई सिंकपाशी कप धूत होत्या. मी प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं आणि एका दमात सांगितलं: मासा टाकला होता, फोटोतला तुकडा मी पुसला, तीन तास ही थाप होती. ग्रॅहम खुर्ची हातात धरून तसेच उभे राहिले. मार्गरेट बाईंनी हात पुसले आणि हळूच विचारलं, मग मुलीने तसं का सांगितलं?

याचं उत्तर मी वाटेतच तयार ठेवलं होतं. मी म्हणालो की ते मीच तिला घरून पढवून आणलं होतं, तिचा काही दोष नाही.

"दॅट्स नॉट ट्रू," मागून आवाज आला. जुई दारात उभी होती. डोळे लाल झालेले, हात जॅकेटच्या बाह्यांत ओढून घेतलेले. "ही डिडन्ट टेल मी टू. आय मेड अप माय ओन माइंड." मग माझ्याजवळ येऊन, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "बाबा, आता पुरे ना."

जिभेवर आलेली पुढची थाप मी गिळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझा पाय हलत नव्हता.