नऊशे आकडे

वडिलांचं जुनं, धातू कापून सुटे भाग बनवणारं, कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन बंद पडलं. "बॅटरी संपली, मेमरी पुसली गेली. आता हे भंगारच," असं सांगून मेकॅनिक निघून गेला. धाकट्या भावाने लगेच भंगारवाल्याला बोलावलं. ताईने त्याला दारातूनच परत पाठवलं. वडिलांनी मशीनच्या सेटिंगचे सगळे आकडे लिहून ठेवलेली तेलकट वही तिला कपाटात सापडली होती.

"नऊशे आकडे हाताने भरणार? वेड लागलंय तुला!"

"लागू दे. वाचून दाखवणार असशील तर थांब, नाहीतर वाट सोड."

भाऊ कुरकुरत वाचायला बसला. नवी बॅटरी बसवून ताई आकडे भरत गेली. तिसऱ्या दुपारी तिने बटण दाबलं. मशीन गुरगुरलं आणि पोलादाचा कीस उडू लागला. ताईने तुकडा मोजला. माप केसभरही चुकलं नव्हतं.