पिंपात न पडलेली गोळी

मी एक लाकडी गोळी आहे, सुपारीपेक्षा थोडी मोठी. माझ्या अंगावर आकडा आहे आणि त्या आकड्यामागे एक जन्मतारीख. मेलबर्नच्या सरकारी कचेरीत आम्हा गोळ्यांना पिंपात घालून गरगर फिरवायचे. जी बाहेर येईल तिच्या तारखेला जन्मलेली विशीची पोरं सक्तीने फौजेत! हवी तेवढी पोरं भरली की सोडत बंद. आकडा लागू नये म्हणून आया देव पाण्यात घालून बसायच्या. सोडत नसेल तेव्हा आम्ही पेटीत, कुलपात. सूर्य म्हणून कधी दिसला नाही.

सत्तर सालची गोष्ट. सोडतीआधीची आमची मोजणी संपली होती, आम्ही ताटात मांडलेल्या, तेवढ्यात मेव्हिस चहाची गाडी घेऊन आली. चहा आला की हातातलं टाकून उठायचं, हा तिथला धर्मच. साहेब मंडळी कप घेऊन खिडकीपाशी गेली.

"मेव्हिसबाई, शनिवारी तुमचा फुटबॉलचा संघ पार झोपला की!" एकाने डिवचलं.

"झोपू दे हो मेला! तुम्ही केक खा, गरम आहे तोवर."

बोलता बोलता तिने मला उचललं आणि एप्रनच्या खिशात कोंबलं. माझी तारीख तिच्या नेव्हिलची, एकुलत्या एका पोराची. पिंप फिरलं ते मी खिशातून नुसतं ऐकलं.

नेव्हिल सुटला. त्याच्याच गल्लीतल्या डगची तारीख मात्र निघाली. डग व्हिएतनामला गेला आणि एक पाय तिथेच ठेवून परत आला.

मेव्हिसने मला बटणांच्या डब्यात टाकलं. झाकण घट्ट, अंधार गुडुप. बाहेर लोक नेव्हिलला म्हणायचे, "लेका, नशीब काढलंस!" तो हसायचा नाही. दर रविवारी डगची चाकांची खुर्ची ढकलत समुद्रावर न्यायचा आणि घरी येऊन न जेवता झोपायचा.

बहात्तरच्या डिसेंबरात नवं सरकार आलं नि सक्ती गेली. आता ज्याला जायचं त्याने आपल्या मर्जीने जावं. मेव्हिस घरभर गाणी म्हणत फिरली. दोन महिन्यांनी नेव्हिल जेवताना म्हणाला, "आई, मी फौजेत नाव घातलंय. सोमवारी निघतो."

"डोकं फिरलंय का तुझं? आता कुणी धरून नेत नाही रे!"

"म्हणूनच. डगला धरून नेलं, मी नशिबाने वाचलो. हे फुकटचं नशीब आता सोसवत नाही मला."

"नशीब नव्हतं ते!" ती ओरडली. धावत जाऊन तिने डबा आणला, पालथा केला आणि मला त्याच्या ताटाशी ठेवलं. "ही बघ, तुझ्या तारखेची गोळी!" खरं कळलं की हा थांबेल, अशी तिची भाबडी आशा.

त्याने माझ्यावरचा आकडा वाचला. पोराचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे तू केलंस?"

"आई आहे मी तुझी. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन."

"पण पोरं तर तेवढीच भरायची होती ना? माझी गोळी पिंपात नव्हती, मग माझ्या जागी कुणाची निघाली? डगची?"

"मला नाही माहीत रे, बाळा."

मलाही नाही माहीत. खिशात कोंडलेली मी, मला काय दिसणार?

सोमवारी तो गेलाच. जाताना त्याने मला आईच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं मिटली.

तेव्हापासून मी तिच्या मुठीत आहे. पिंप, पेटी, खिसा, डबा, सगळे बरे होते. ही मूठ झोपेतही सैल होत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात तर एवढं करा: मला तिच्याकडून मागून घ्या आणि शेगडीत टाका. लाकूडच आहे मी, पटकन जळेन. तिच्याने ते होत नाही. मी जळले तर तिकडे पोराला काहीतरी होईल, असं वाटतं तिला.