सर्वसाक्षी महाराजांचं ॲप

"तोंड उघडायच्या आधी सगळं सांगत्यात बघा!"

उचगावच्या मंडपात शिरायला माणसं एकमेकांच्या पायावर पाय देत होती. सर्वसाक्षी महाराज गादीवर, पुढ्यात झेंडूच्या फुलांचा ढीग. भक्त समोर बसला की महाराज डोळे मिटत, मान डोलावत आणि सुरू होत: कुणी म्हैस कधी विकली, कुणाचं भावाशी काय बिनसलंय. सगळं बरोबर! टाळ्यांनी मंडप दणाणत होता. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्या टाळ्यांनी माझं डोकं उठलं होतं, पण युक्ती काही सापडत नव्हती, हेही कबूल करतो.

मग माझ्या शेजारच्या मालुबाई लेकीला घेऊन पुढे गेल्या. माधवी बेळगावात नोकरी करते. नंदगडच्या मुलाशी तिचं लग्न ठरलेलं, म्हणून आईला आशीर्वाद हवा होता. महाराजांनी डोळे मिटले.

"पोरी, मेंदूचं औषध घेतीस. सासरपासनं लपवतीस. फेफरं हाय तुला!"

माइक चालू होता. पाचशे माणसांनी ऐकलं आणि, लाज वाटते सांगायला, टाळ्या वाजवल्या. महाराजांनी अकरा गुरुवारांचा उतारा सांगितला. दुसऱ्या दिवशी नंदगडहून निरोप आला, लग्नाचं तूर्त थांबवा.

चौथ्या दिवशी मालुबाई आमच्या सोप्यात बसून रडत होत्या. ऊन अजून अंगणात होतं. तेवढ्यात त्यांच्या फोनमध्ये घंटा वाजली.

"महाराजांच्या ॲपची हाय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "रोज दिवस बुडायच्या अठ्ठेचाळीस मिनिटं आधी वाजती. ती येळ त्यांना ध्यानात दिसली म्हणं."

कसलं ध्यान! आमच्याकडच्या कितीतरी जैन घरांत संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या दोन घटका आधी उरकतात. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. निपाणीच्या त्रिशलानं, माझ्या जुन्या विद्यार्थिनीनं, वडिलांना जेवणाची आठवण करणारं नेमकं असंच ॲप बनवलं होतं. फुकट आणि उघडं. आतला कोड कुणीही वाचावा, बदलावा. अट एवढीच, की करणारीचं नाव ठेवायचं आणि आपण केलेले बदलही उघडे ठेवायचे.

मी फोन केला आणि त्रिशला दुसऱ्याच दिवशी आली. मालुबाईंचा फोन तिनं तासभर उलटसुलट तपासला. तिचा चेहरा तापत गेला.

"सर, माझंच ॲप चोरलंय. माझं नाव खरवडलंय, वर भजनं चिकटवल्यात, आणि आत चोर बसवलाय. फोनमधला मेसेज न् मेसेज वाचून बाहेर पाठवतंय. हे कुणाला दिसू नये म्हणून कोड बंद करून ठेवलाय."

दवाखान्यात माधवीच्या नावापुढे आईचा नंबर होता. तपासणीच्या तारखा, गोळ्यांची नावं, सगळं याच फोनवर येत होतं.

"मालुबाई, परवानगी देताना वाचलं नाही?"

"वाचाय कुठं येतंय, सर? कन्नडमधनं हुतं. कन्नड बोलतोय आम्ही, अक्षर कुठं शिकलोय? तिथला सेवक म्हणाला, खालचं हिरवं बटण दाबा. दाबलं."

त्रिशलानं भाषा बदलून पाहिली. मराठी भजनं निवडली की अटी कन्नडमध्ये. कन्नड भजनं निवडली की अटी इंग्रजीत! सीमेवरची माणसं काय बोलतात आणि काय वाचू शकत नाहीत, याचा हरामखोरांनी नीट अभ्यास केला होता.

गुरुवारी सकाळी त्रिशलानं नव्या फोनवर ते ॲप घेतलं आणि मी तिला एक मेसेज पाठवला: 'भुजबलीमामा लोंढा स्टेशनच्या जिन्यावरून पडले. पाय मोडला.' मंडपात मालुबाई आणि माधवीही मागे येऊन बसल्या होत्या. सेवकानं त्रिशलाच्या ॲपमधला दर्शनाचा नंबर टिपून घेतला. महाराजांनी डोळे मिटले.

"बाळ, मामाच्या पायाची काळजी घेऊन आलीस. भुजबली... लोंढा... जिना दिसतोय मला!"

टाळ्या पडल्या. त्रिशलानं माइक हिसकावला.

"मला मामाच न्हाय! माझी आई एकुलती एक लेक. हा भुजबली सरांनी आज सकाळी मेसेजमध्ये जन्माला घातलाय!"

तिनं झेंडूचा ढीग उधळला. आड टॅबलेट होता, महाराजांच्या अर्धवट मिटल्या डोळ्यांना तेवढा दिसेल असा. त्यावर तिचा नंबर आणि माझा मेसेज, जसाच्या तसा. सगळ्यांच्या मनातलं बघणाऱ्या महाराजांना मंडपाची मागची वाट तेवढी दिसली. तिथं लोकांनी धरलं आणि पोलिसांच्या हवाली केलं.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण मालुबाईंची जाऊ, जयाबाई, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "महाराज खोटा असंल. पण पोरीला फिट येत्यात, ते खरंच की!"

माना माधवीकडे वळल्या. मी उठायच्या आत तीच उठली.

"व्हय, येत हुत्या. गोळ्या चालू हायत, दोन वर्षांत एकदाबी आली न्हाय. नंदगडला मी स्वतः जाऊन सांगायचं ठरवलं हुतं. ते माझं सांगणं हुतं, काकू. त्यानं चोरलं, आणि तुम्ही चोरीचा माल गावभर वाटला."



फेफरं हा मेंदूचा आजार आहे, त्याला डॉक्टर लागतो, उतारा नाही. तुमचं गुपित सांगणाऱ्यापुढे हात जोडण्याआधी ते त्याला मिळालं कुठून, एवढं विचारा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही. आणि बातमी खरी आहे म्हणून ती सांगायचा हक्क तुम्हाला मिळत नाही.

महाराज उद्या जामिनावर सुटेल. माधवीचं गुपित मात्र पुन्हा तिचं होणार नाही.